अरळीची काडी

अक्का, तुझं दार उघडं आहे. लोक भेटायला येतात म्हणून तुझ्या यजमानांनी, मामांनी, सकाळपासून उघडंच ठेवलंय. माझं दार मात्र बंद आहे, आणि आतून कडी लावून मी जेवणाच्या टेबलाशी हे लिहीत बसले आहे. मधे लिफ्टसमोरची एवढीशी जागा. ती ओलांडून तुझ्या घरात यायची मला भीती वाटते.

बघ, तुला तू म्हणतेय. कितीदा सांगितलंस, अक्काला कुणी तुम्ही म्हणतं का गे म्हणून. माझी जीभ वळायची नाही. माझ्या आईहून मोठी बाई, तिरुवल्लिकेणीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली, तिला एकदम अगं-तुगं कसं करायचं? आता तू समोर नाहीस तर भराभर जमतंय. काय उपयोग त्याचा.

मंगळवारी तू गेलीस, तुला नेलं. तेव्हा मी रडले, पण घाबरले नव्हते. घाबरले ती त्यानंतर. ते तुला सांगायचंय, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

मी मुळातच भित्री भागूबाई, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? संदीपच्या नोकरीमुळे बेळगावहून मद्रासला, ह्या पेरुंगुडीत आले तेव्हा मला कशाची म्हणून भीती वाटत नव्हती ते विचार. लिफ्टची, रिक्षावाल्याची, पाण्याच्या टँकरच्या भोंग्याची. समुद्र इतका जवळ आहे म्हटल्यावर पहिले काही दिवस नीट झोप लागेना. असंच एकदा दार लोटून आईशी फोनवर रडत होते, तर बाहेरून आवाज आला, "कोण गे मराठी बोलत्ये?" दारात तू. नऊवारी नाही, नथ नाही, मदुराईची सुती साडी आणि कपाळाला विभूती, आणि तोंडात मराठी! मी बघतच राहिले.

तू मला तुझ्या घरी नेलंस आणि विचारलंस, "कॉफी होणा का?" मला वाटलं, कॉफी होणार का असं विचारतेय. मी म्हटलं, "होईल की." आणि उभी राहिले. तूही उभी. कॉफी काही होईना. शेवटी मामा आतून ओरडले, "होणा म्हणजे पाहिजे! तिला पाहिजे का विचारत्ये ती!" त्यावर तू जी हसलीस, बाई गं, भिंतीला टेकून हसलीस. तुमचे पूर्वज तंजावरला गेले ते कितीतरी पिढ्यांपूर्वी, आणि त्यांच्याबरोबर गेलेली मराठी तुमच्या घरात तशीच राहिली. तू जन्मलीस मैलापूरला, शिकलीस तमिळमधून, आणि मला म्हणायचीस, "तुझी मराठी पेपरांतली." मी म्हणायची, "आणि तुमची बखरीतली." हा वाद आपण कधी मिटवला नाही, आणि मिटवायची कुणाला घाईही नव्हती.

लाकूड कोरायचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं तेही तुला माहीत आहे. माझे केस कमरेपर्यंत, इथला घाम असा, आणि एक क्लिप टिकेल तर शपथ. फोनवर एका पोरीला बघितलं, तिनं अंबाडा पिळून एक लाकडी काडी खोचली आणि चालू लागली. म्हटलं, हे आपण करू. चाकू मागवला. आला, आणि पाकिटातच पडून राहिला, कारण मला त्याच्या पात्याकडे बघवेना. तू एकदा पाकीट फोडून तो माझ्या हातात दिलास. "कां भ्यातीस गे? भाजी चिरत्येस ना? हे भाजीहून निबर, एवढंच."

पहिली काडी झाली ती दात कोरायच्या लायकीची. दुसरी मधोमध मोडली. तिसरीच्या वेळी लाकडाच्या रेषांच्या उलट चाकू चालवला आणि ढलपा उडून चष्म्यावर बसला. पण एक सांगते अक्का, चाकू चालू असताना मला दुसऱ्या कशाची भीती वाटायची नाही. एवढं एकच काम असं सापडलं होतं. संदीप म्हणायचा, पैसे खर्चून डॉक्टर जे करू शकला नसता ते ह्या काड्यांनी केलं.

मग ती मोळी. माळ्यानं कंपाउंडमधली छाटणी करून सरळ सरळ फांद्या पानं ओरबाडून भिंतीपाशी वाळत टाकल्या होत्या. मी खुणा करून विचारलं, कसलं झाड? तो म्हणाला, "अरळी, मा." मला कोण आनंद झाला! मद्रासेत पहिल्यांदाच कुणीतरी बोललं आणि अर्थ न विचारता मला कळलं. आम्ही बेळगावची माणसं, कानडी लहानपणापासून कानावर. अरळी म्हणजे पिंपळ. माझ्या मावशीच्या गावी एसटी थांबायची तीच मुळी अरळी कट्ट्यापाशी, पिंपळाच्या पारापाशी. म्हटलं, वा, पिंपळ! पवित्र झाड! मोळी उचलून वर आणली.

लाकूड मऊ निघालं. पांढरट पिवळं, चाकू लोण्यात शिरावा तसा शिरत होता. काडी केली, टोकाला कोयरी कोरली, ती काजूसारखी दिसायला लागली तो भाग वेगळा. पण मोडली नाही, वाकडी झाली नाही. माझी पहिली धड काडी. ती मी तुला दिली. तू उलटून पालटून पाहिलीस, वास घेतलास, नखानं जरा खरवडलीस. "कसलं लाकूड गे हे?"

मी म्हटलं, "पिंपळाचं!"

अरळी हा शब्द मी उच्चारलाच नाही. माळ्याचा शब्द तुला कशाला सांगायचा, म्हणून तुझ्यासाठी चांगला मराठीत करून सांगितला. आता रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतंय. माळी म्हणाला तोच शब्द मी तुझ्यापुढे ठेवला असता तर तू तिथल्या तिथे काडी फेकून दिली असतीस.

तू नुसती म्हणालीस, "पिंपळ. असं?" मग मला हात धुवायला पाठवलंस. साबण लावून, कोपरापर्यंत. दोनदा. त्याशिवाय डोशाला हात लावू दिला नाहीस. मला वाटलं, सोवळं असणार. गंमतही वाटली थोडी.

दुसऱ्या दिवशी आलीस ती तावातावानं. "तो पिंपळ घरांत नोको. दरिद्र येतं." मी हसण्यावारी न्यायला गेले, तर तू सरळ गॅलरीत जाऊन ती मोळी पिशवीत कोंबलीस, ढलपे झाडून घेतलेस, आणि घेऊन गेलीससुद्धा. मला असा राग आला! माझी मिळवलेली मोळी! संध्याकाळी मैलापूरच्या कुठल्या सुताराकडून सागाचे तुकडे आणून दारात ठेवलेस, तरी माझा राग उतरेना. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही गणिताच्या बाई ना? आणि ही असली अंधश्रद्धा?" तू काही बोलली नाहीस. तुला उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर सकाळी गॅलरीत यायची बंद झालीस. नाहीतर रोज त्या वेळेला तू तुझ्या गॅलरीत, मी माझ्या. तू दोन्ही हातांनी केस पिळत असायचीस, आकडा दातांत धरलेला, आणि तशीच दातांतून माझ्याशी बोलायचीस. "आज शांबार काय केलंश?" मी तुझी नक्कल करायची आणि तू आकडा दातांत ठेवूनच हसायचीस. ते बंद झालं. मला वाटलं, रुसली. मीही मुद्दाम विचारलं नाही. पण दुपारी यायचीस तेव्हा अंबाड्यात माझी काडी असायची. रोज तीच. दिवसेंदिवस चकाकायला लागली होती. मी संदीपला सांगितलं, बघ, खोबरेल पिऊन पिऊन कसं तेज चढलंय.

आता ऐक.

तुला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला खाली गेले होते. माळी गेटपाशी छाटणी करत होता. गुलाबी फुलांचा तो लांबलचक ताटवा गं, कण्हेरीचा, रोज आपण त्याच्याच शेजारून जातो. एक लहान पोरगी खाली पडलेली फांदी उचलायला गेली, आणि तिची आई केवढ्यांदा ओरडली, "अय्यो, अरळी! विषम्! विषम्!" पोरीला ओढत नळापाशी नेऊन तिचे हात खसाखसा धुतले. मी माळ्याकडे बघितलं. त्याच्या पायाशी तशाच फांद्या. सरळ सरळ. मी कण्हेरीकडे बोट दाखवून विचारलं, "अरळी?" तो म्हणाला, "आमा, अरळी." हो, अरळी. इथली अरळी म्हणजे पिंपळ नव्हेच, कण्हेर.

दुधाची पिशवी हातातून पडली, अक्का. फुटली.

वर येऊन फोनवर वाचलं. वाचायला नको होतं. पान, फूल, साल, लाकूड, सगळं विषारी. वाळलं तरी विषारी. आणि कशावर परिणाम होतो तर हृदयावर. ठोके मंद होतात. तुला ठेवलं होतं त्या दवाखान्यातून परत आलेल्या मामांनी त्या दिवशी जिन्यात काय सांगितलं होतं? "डॉक्टर म्हणाले, ठोके फार हळू झाले होते." मला पुढचं वाचवेना.  काडी रोज अंबाड्यात होती. म्हणजे रोज अंबाडा घालताना ती आधी दातांत धरलेली असणार. रोज. मी डोळे मिटले की मला तू दिसतेस, दोन्ही हात केसांत, आणि ओठांत माझी काजूसारखी कोयरी.

संदीपला सांगितलं. तो म्हणाला, इतकंसं तोंडात धरून काही होत नाही, वेडी आहेस का. पण म्हणता म्हणता त्यानंही फोन काढून वाचायला घेतलं, आणि मग फोन उपडा ठेवून दिला. त्या उपड्या फोनचीच मला जास्त भीती बसली. जेवणाचा डबा तुमच्याकडे तोच नेऊन देतो. मी जात नाही. मामांचा जिन्यात आवाज आला की कडी नीट लागलीय ना ते बघते. त्यांना कळलं तर? त्यांना कळलेलं असलं तर? आणि कळलंच नसेल, जन्मभर मला पोरीसारखं वागवत राहिले तर, ते कसं सोसायचं? काडी कुठे आहे तेही मला ठाऊक नाही. तुझ्याबरोबर गेली की आरशापाशी पडली आहे? मामा सवयीनं उचलतील, हात तोंडाला लावतील, ही आणखी एक भीती. चाकू आता मला बघवत नाही. तो परत पाकिटात घातलाय.

तुझं दार उघडं आहे अजून. मला मामांच्या चपलांचा आवाज येतोय.

बेल वाजली.

हे दुसऱ्या दिवशी लिहितेय. आता दारं दोन्हीही उघडी आहेत.

काल मामाच आले होते. हातात माझे घासलेले डबे. मी दार उघडलं, आणि ते म्हणाले, "तू कां येत नाहीस गे? अक्का नाही म्हणून मामा नाही झालं?" मला ततपप व्हायला लागलं. मी म्हटलं, बरं नाही. ते म्हणाले, "बरं नाही तर चल, तिकडे बस. एकटी बरं नसून काय करशील." मनगटाला धरून घेऊन गेले. जाताना वाटत होतं, पोलीस धरून नेतात तसे नेतायत.

आत तुझ्या फोटोपुढे दिवा. मी तिकडे बघितलं नाही. सरळ आतल्या खोलीच्या दारातून आरसा दिसत होता, आणि आरशासमोरच्या फळीवर, हातरुमालाच्या चौकोनी घडीवर, ती काडी. मी ओरडलेच. "मामा, त्याला हात लावू नका!"

मग थांबवेना मला. सगळं सांगून टाकलं. अरळी, पिंपळ, माळी, बेळगाव, दातांत धरणं, ठोके. रडत होते, शब्द एकात एक घुसत होते, अर्धं कानडीसुद्धा बोलले असेन. म्हटलं, "माझ्यामुळे झालं मामा. माझ्या काडीनं झालं."

मामा ऐकत होते. आणि अक्का, ते हसायला लागले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. खुर्चीचा हात धरून हसले, मग डोळे पुसले, मग परत हसले.

"अगे वेडे," ते म्हणाले, "ह्या कंपाउंडांत पिंपळ कुठे आहे? दाखव मज. एक तरी आहे? तिनं हातांत घेतली तेव्हाच ओळखली. अरळी आणि पिंपळ ओळखायला इथे कुणाला शिकवावं लागतं?"

मी घडीवरच्या काडीकडे बघितलं.

"आणि दातांत? दातांत एक दिवस धरली नाही. हे बघ." ते उठले आणि आरशासमोर उभे राहिले. तुझ्या स्टुलाच्या मागे. "ती इथे बसायची. केस पिळायची. मी इथे. काडी माझ्या हातांत, रुमालांत धरून. ती म्हणायची, हं. मी द्यायचो. रोज. लग्न झाल्यापासून कधी तिच्या केसांना माझा उपयोग झाला नव्हता. म्हणून तर गॅलरींत यायची बंद झाली, पाहिलं नाहीस?"

पाहिलं होतं की. पाहिलं, आणि रुसली असं ठरवून मोकळी झाले.

"काडीवर आमच्या नातीचं नेलपॉलिश लावून ठेवलं होतं. तीनतीन वेळा. चकाकायची ती त्यानं." म्हणजे खोबरेलाचं तेज वगैरे काही नव्हतंच. मामा म्हणाले, तुझं हृदय मी मद्रासला यायच्या आधीपासून दुखणाईत होतं, गोळ्यांचा डबा त्यांनी मला दाखवला. तू मला तो कधी दिसू दिला नव्हतास. का, ते मी विचारलं नाही. मी घाबरले असते.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. "काडीचं. नुसतं सांगायचं होतं, ही अरळी आहे, फेकून दे."

"मीही हेच म्हटलं," मामा म्हणाले. "तर म्हणाली, आत्ता सांगितलं तर ती चाकू टाकील. परत घेणार नाही. तिचा हात बसूं दे, चांगल्या काड्या होऊं देत, मग सांगत्ये, दोघी मिळून हसूं. आणि मोळी तर तिथून काढायला होणा. मग म्हणाली, पिंपळाचं काहीतरी सांगत्ये, दरिद्र वगैरे. मज म्हणाली, ती पोर मला अडाणी म्हणेल. म्हणूं दे."

मी म्हटलंच की, अक्का. अगदी तोंडावर म्हटलं. आणि तू गप्प बसलीस. तुझ्यापाशी उत्तर होतं, तुझ्या अंबाड्यातच खोचलेलं होतं, आणि मला भीती वाटू नये म्हणून तू ते गिळून टाकलंस. मी तुला किती भाबडी समजत होते गं. मी भाषांतर करून तुला चुकीचं झाड दिलं, आणि तू त्याच चुकीच्या झाडाच्या नावावर माझ्याशी भांडून मला वाचवलंस. इतकं कसं जमलं तुला? चिडून तरी बोलायचं होतंस एकदा.

मी मामांना म्हटलं, ती काडी द्या, मी नेऊन कुठेतरी पुरून टाकते. ते म्हणाले, "नोको." एवढंच. मग रुमालाची घडी सारखी करत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सकाळीं आंघोळ झाली की पाय इकडे येतात. उभा राहतो. रुमाल घेतो हातांत. मग लक्षांत येतं."  त्यांनी काडी रुमालासकट उचलून माझ्यापुढे धरली, बघ म्हणून. मी घेतली. नुसत्या हातानं घेतली, रुमाल बाजूला करून. तुझा एक पांढरा केस कोयरीच्या खाचेत नेलपॉलिशखाली चिकटून बसलाय, तो दिसला. खाच मी फार खोल कोरली होती.

मला अजून भीती वाटते, हे तुला सांगून ठेवते. ती काही गेलेली नाही. दुखलं-खुपलं तर कुणाचं दार वाजवायचं, ही आहे. मामा एकटे जेवत असतील ही आहे. तू गेल्यावर ह्या शहरात मला गॅलरीतून मराठीत हाक मारणारं कोण उरलं, ही तर फारच आहे. आज चाकू बाहेर काढलाय खरा, सागाचा तुकडाही काढलाय, पण अजून पहिला ढलपा काढलेला नाही.

काल मी काडी घडीवर परत ठेवली. मामा स्वयंपाकघरात गेले, भांड्यांचा आवाज झाला, डिकॉक्शनचा वास आला. आतूनच त्यांनी विचारलं, "कॉफी होणा का गे?"

मी म्हटलं, "होणा."

ते पितळी पेला घेऊन बाहेर आले. मी हात पुढे केला, तर त्यांनी पेला मागे घेतला, अगदी तू त्या दिवशी डोसा मागे घेतलास तसा.

"आधी हात धू," ते म्हणाले. "साबण लावून. कोपरापर्यंत."